तारे नंतर मोजा, आधी पाइप कुठे सोडलाय ते बघा

पत्र : काका, नमस्कार. आम्ही ठाण्याला खाडीच्या बाजूला सातव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. इमारतीच्या मागून नाला जातो. घरात दोन एसी आहेत. बेडरूममधला दीड टनी स्प्लिट २०१४ च्या पाडव्याला घेतलेला. गेल्या दोन वर्षांत त्यात तीनदा गॅस भरला, दर वेळी ३,२०० रुपये. यंदा पुन्हा गार होईना. मेकॅनिक म्हणतो, "कूलिंग कॉइल गेली. बदलायला ११,००० लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या, जुन्याचे मी चार हजार देतो." हॉलमधला इन्व्हर्टर एसी साडेचार वर्षांचाच आहे, पण महिन्यापूर्वी लाइट जाऊन आली आणि तो बंद पडला तो पडलाच. आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड जळलंय, ९,५०० लागतील म्हणाला. अजून उघडू दिलेला नाही.

माझे मिस्टर म्हणतात, दोन्ही दुरुस्त करू, चालती वस्तू टाकायची सवय बरी नाही. नणंद म्हणते, दोन्ही काढा आणि दोन फाइव्ह स्टार घ्या, लाइटबिलात पैसे वसूल होतात. सासूबाईंना रात्रीचा उकाडा सोसत नाही. बेडरूमच्या एसीचं पाणी छज्जावर टपकतं म्हणून खालच्या काकू सारख्या भांडायच्या. तीन वर्षांपूर्वी मेकॅनिकने पाण्याचा पाइप बाथरूमच्या जाळीत आत सोडून दिला, तेव्हापासून निदान ती कटकट तरी मिटली. हल्ली एसी लावला की पहिली पाच मिनिटं कुबट वास येतो, तो सर्व्हिसिंग करूनही जात नाही. मे महिन्याचं बिल जोडलंय. काय करावं?

— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुम्ही एसीबद्दल लिहिलंत ते वाचलंच, पण माझी नजर अडकली ती खालच्या काकूंच्या भांडणापाशी. तिकडे येतोच. आधी निकाल सांगून टाकतो, कारण घरात दोन पक्ष पडलेत आणि कोण जिंकलं ते कळल्याशिवाय पुढचं कुणी नीट वाचणार नाही. बेडरूमचा बदला. हॉलचा दुरुस्त करा, तोही बहुधा फुकटात होईल. आणि नव्या मशीनचं खोकं घरात यायच्या आधी तो बाथरूममधला पाइप जाळीतून उपसून काढा. हे तिसरं काम पैशाने सगळ्यात छोटं आहे, आणि ते केलं नाहीत तर पहिल्या दोन निर्णयांना काही अर्थ नाही.

आता गॅसचं बघू. "गॅस संपला" हा शब्दप्रयोग मी तीस वर्षं ऐकतोय आणि तीस वर्षं त्याचा मला राग येतोय. गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे. तो एका बंद नळीत फिरतो. आतल्या कॉइलमध्ये उकळून खोलीतली उष्णता उचलतो, बाहेरच्या कॉइलमध्ये पुन्हा द्रव होऊन ती उष्णता टाकून देतो आणि परत येतो. तो खर्च होत नाही. कारखान्यात भरलेला गॅस पंधरा वर्षांनी तेवढाच सापडलेली मशिनं मी स्वतः उघडली आहेत. कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला, आणि गेला म्हणजे भोक आहे. भोक न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतून तहान लागायची वाट बघणं. तुम्ही तीनदा ओतलंत, ९,६०० रुपयांचं.

तुमच्या मेकॅनिकला लबाड मात्र म्हणू नका. गळती शोधायची तर उरलेला गॅस काढून घ्यायचा, नळीत नायट्रोजन दाबाने भरायचा, जोडांवर आणि कॉइलवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. बारीक भोक असेल तर गेज लावून काही तास थांबायचं, काटा खाली सरकतो का पाहायचं. मग ब्रेझिंग, म्हणजे धातू वितळवून भोक बुजवणं, मग व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा पंपाने ओढून काढणं, मग वजनकाट्यावर मोजून गॅस. हे अर्ध्या दिवसाचं काम. एप्रिल-मेमध्ये त्याच्या फोनवर सकाळी नऊलाच डझनभर गिऱ्हाइकं तुंबलेली असतात आणि प्रत्येकाच्या घरी कुणीतरी उकडून बसलेलं असतं. तो टॉप-अप करून पुढे पळतो, कारण तुम्हीही त्या दिवशी तेवढंच मागितलेलं असतं. श्रावणात बोलावलंत तर हाच माणूस बैठक मारून भोक शोधून देईल.

नेटवर एक नियम फिरतो : दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर बदला, नाहीतर दुरुस्त करा. एकदाच येणाऱ्या मोठ्या खर्चाला हा नियम बरा आहे. तुमच्यासारख्या ठिकाणी मात्र तो फसवतो, कारण ३,२०० रुपये कधीच निम्मे होत नाहीत. दर वेळी नियम म्हणतो, दुरुस्त करा. दर वेळी तुम्ही करता. आणि दोन वर्षांनी हिशेब मांडला तर नव्या मशीनचा जवळपास पाचवा हिस्सा हवेत उडून गेलेला असतो, अक्षरशः हवेत. म्हणून मी गिऱ्हाइकाला आधी किंमत विचारतच नाही. विचारतो, काय बिघडलं आणि ते का बिघडलं? एखादी गोष्ट जुनी होऊन बिघडते. एखादी अपघाताने बिघडते. आणि एखादी जागेमुळे बिघडते. यातलं तिसरं कारण असेल तर दुरुस्त करा किंवा नवीन आणा, फरक पडत नाही. नवं मशीनही त्याच रोगाने जातं.

तुमच्याकडे तिसरं आहे, असा मला दाट संशय आहे. खात्री करायला मेकॅनिक लागणार नाही. देव्हाऱ्यातलं चांदीचं निरांजन किंवा समई बघा. आंब्याच्या दिवसांत घासून ठेवली तर किती दिवसांत काळी पडते? पुण्याच्या किंवा नाशिकच्या नातेवाइकांकडे काही महिने चकाकणारी चांदी जर तुमच्याकडे आठ-पंधरा दिवसांत काळवंडत असेल, तर तुमच्या घरातल्या हवेत गटाराचा वायू आहे. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो, हायड्रोजन सल्फाइड. चांदी काळी करतो तसाच तो तांबंही काळं करतो. ही काही माझी आजीबाईची चाचणी नाही. मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये हवा यंत्रांना बाधेल का हे बघायला तांब्याच्या आणि चांदीच्या पट्ट्या टांगून ठेवतात आणि महिन्याभराने त्यांच्यावर किती काट चढला ते मोजतात. आपण निरांजन वापरतो, एवढाच फरक.

एसीची कॉइल तांब्याच्या नळीची असते आणि ती नळी फार पातळ असते.  त्या पातळ भिंतीवर थंडीमुळे सतत पाणी साचलेलं. त्या पाण्यात गटाराचा वायू विरघळला की तांबं खायला सुरुवात होते. भोकं सुईच्या टोकापेक्षा बारीक पडतात, एक बुजवलं की महिन्याभरात शेजारी दुसरं. म्हणून अशा कॉइलचं ब्रेझिंग करून घेण्यात काही हशील नाही. समोरचं झाकण उघडून, फिल्टर काढून, बाजूला नळ्या जिथे यू आकारात वळतात तिथे टॉर्च मारा. तांबं तपकिरी पडलेलं असेल तर ते वयाचं आहे. कोळशासारखं काळं, बोट लावल्यावर काजळी लागावी तसं असेल, तर ते नाल्याचं.

पण नाला तुमच्या इमारतीमागे इमारत बांधल्यापासून आहे. कॉइल मात्र दहा वर्षं टिकली आणि मग दोन वर्षांत तीनदा गळली. मधल्या काळात काय बदललं? काकूंचं भांडण मिटलं.

इनडोअर युनिटमध्ये पंखा कॉइलच्या मागे बसवलेला असतो. तो खोलीतली हवा कॉइलमधून आत ओढतो आणि खाली फेकतो. म्हणजे कॉइल आणि तिच्याखालचा पाण्याचा ट्रे हे दोन्ही ओढीच्या बाजूला येतात. त्या ट्रेला पाण्याचा पाइप जोडलेला. पाइपचं दुसरं टोक मोकळ्या हवेत असेल तर त्यातून थोडी बाहेरची हवा येते, बिघडत काही नाही. पण ते टोक गटाराच्या जाळीत खोल खुपसलेलं असलं, तर एसीचा पंखा रात्रभर स्ट्रॉने उसाचा रस ओढावा तसा गटारातला वायू ओढतो, आणि तो थेट कॉइलवर नेऊन सोडतो. खोलीतल्या हवेत तो वायू नाकाला जाणवणारही नाही इतका विरळ असेल. कॉइलला तो मिळतो ताजा, ओल्या अंगावर, रोज आठ तास. तुमचा पहिल्या पाच मिनिटांचा कुबट वास हाच. सर्व्हिसिंगने तो जाणार कसा, घाण मशीनमध्ये नाहीच, जाळीखाली आहे.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. खाडीजवळच्याच एका सोसायटीत एका गिऱ्हाइकाची कॉइल मी बदलली, चौदा महिन्यांत दुसरी बदलली, आणि दुसऱ्या वेळी ते गृहस्थ दारातच म्हणाले, "तुम्ही डुप्लिकेट माल घालता." तोंडात मारल्यासारखं झालं. दुसरी कॉइल मी पदरच्या पैशाने बसवली. हात धुवायला बाथरूममध्ये गेलो तर जाळीत एक पांढरा पाइप घुसलेला दिसला. बसवणाऱ्याने नीटनेटकं काम म्हणून घातला होता. मी तो ओढून बाहेर काढला आणि त्याच्या टोकाचा वास घेतला, तो आजही आठवतो. तिसरी कॉइल लागली नाही. त्या वेळेपासून कुठल्याही घरात गेलो की मी एसीकडे बघायच्या आधी पाइपामागे चालत जातो.

उपाय अगदी साधा आहे. पाइप जाळीत खुपसू नका, जाळीच्या चार बोटं वर मोकळा सोडा. पाणी पडेल जाळीतच, पण मधे हवेचा खंड राहील आणि गटाराची हवा पाइपात शिरणार नाही. काकूंच्या छज्जावर एक थेंब पडणार नाही, भांडणही परत येणार नाही. ज्या बाथरूमची जाळी फारशी वापरात नसते तिथे आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी ओता. जाळीखालच्या वळणात साठलेलं पाणी हेच गटार आणि घर यांच्यामधलं दार असतं, ते सुकलं की दार उघडं. रात्री नाल्याचा वास चढतो तेव्हा त्या बाजूची खिडकी लावून घ्या.

मग आता तुमचे मिस्टर विचारतील : कारण सापडलं, पाइप काढला, तर ११,००० मध्ये नवी कॉइल का नको? रास्त प्रश्न आहे, आणि मशीन पाच वर्षांचं असतं तर मी त्यांच्याच बाजूने उभा राहिलो असतो. बाराव्या वर्षी मी नाही म्हणतो. आउटडोअरच्या बाजूला चिकटवलेला स्टिकर वाचा, २०१४ चं मशीन आहे तेव्हा बहुधा आर-२२ लिहिलेलं असेल. हा गॅस ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार जगभर हद्दपार होतोय. आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून नव्या मशिनांत तो घालायलाच बंदी आहे आणि २०३० पर्यंत तो जवळपास संपवायचा आहे. जुन्यांच्या दुरुस्तीपुरता मिळतो, पण बाजारात भलत्याच मिश्रणाचे सिलिंडरही फिरतात, आणि गिऱ्हाइकाला आत काय भरलं ते कळायला मार्ग नाही. त्यात हवेत सुटलेला एक किलो आर-२२ पृथ्वी तापवण्यात सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. तीनदा गळलेला हिशेब तुम्हीच करा. शिवाय बारा वर्षांच्या मॉडेलची कंपनीची कॉइल मिळणं अवघड, मिळेल ती बाजारातली, अंदाजे मापाची. आणि आउटडोअरची कॉइल नाल्याकडे तोंड करून बारा वर्षं उभी आहे. ११,००० घालून आतली बदललीत आणि पुढच्या मेमध्ये बाहेरची गेली तर मिस्टर गप्प बसतील, पण तुम्ही मला पत्र लिहाल.

एक सावधगिरी : "ताई, यात नवीन आर-३२ गॅस भरून देतो, स्वस्तात होईल" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आर-३२ चा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त असतो, त्याला तेल वेगळं लागतं आणि तो थोडा ज्वालाग्राही आहे. जुन्या नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत.

आता नणंदबाईंकडे वळतो. लाइटबिलात पैसे वसूल होतात, हे वाक्य दुकानदाराच्या तोंडी शोभतं. तुमच्या बिलावर हिशेब करून बघू. मे महिन्यात वरच्या टप्प्यातलं युनिट वहन आकार आणि वीजशुल्क धरून तुम्हाला १६ रुपयांच्या आसपास पडलंय. एसीच्या लेबलावर वर्षाच्या युनिटांचा आकडा छापलेला असतो, तो १,६०० तासांच्या वापराचा. अलीकडच्या दीड टनी फाइव्ह स्टारवर तो साधारण ७५० ते ८०० असतो. तुमच्या जुन्या, धडधड चालू-बंद होणाऱ्या मशीनला त्याच कामाला ठणठणीत असताना १,१५० ते १,२०० युनिटं लागली असती. फरक ४०० युनिटांचा. तुम्ही पाच महिने, रात्री आठ तास लावता असं धरू, म्हणजे १,२०० तास, तेव्हा फरक ३०० युनिटांवर येतो. सोळाने गुणा, ४,८०० रुपये. नवीन मशीन, बसवणं, पाइप असं सगळं मिळून, जुन्याचे चार हजार वजा जाता ४६,००० च्या घरात जाईल. नुसत्या बिलातून ते वसूल व्हायला साडेनऊ वर्षं लागतात. चांगलं चालणारं मशीन नुसत्या बिलासाठी कधीही फेकू नये, हे मी दिवसभर आणि रात्रभर एसी चालवणाऱ्या घरांना सोडून सगळ्यांना सांगतो. तुमचा बेडरूमचा एसी मेलाय म्हणून बदलायचा, बिलात जे वाचेल ते वरकड.

पण एकदा बदलायचाच ठरला, की मग थ्री स्टार की फाइव्ह स्टार हा प्रश्न वेगळा, आणि तिथे नणंदबाईंचं बरोबर आहे. दोघांत १,६०० तासांना सुमारे २०० युनिटं, म्हणजे तुमच्या वापराला १५०, म्हणजे वर्षाला २,४०० रुपये. किमतीत फरक सात ते दहा हजारांचा. तीन-चार वर्षांत भरून येतो, अर्थात कॉइल तितकी वर्षं टिकली तर. म्हणून तर आधी पाइप. दुकानात तारे मोजू नका, त्याखाली लिहिलेला आयसीअर (ISEER) हा आकडा वाचा, एवढ्या विजेत मशीन किती गारवा देतं ते तो सांगतो, जितका मोठा तितका बरा. तारे दर काही वर्षांनी कडक करतात. जुलै २०२२ च्या बदलापूर्वी साडेचारला पाच तारे मिळायचे, नंतर काही वर्षं ते पाचला मिळत होते. गोदामात पडलेला जुना माल जुन्या ताऱ्यांसह मांडून ठेवणारी दुकानं असतात, लेबलावरची मुदत बघा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेव्हा शेजाऱ्याने त्याआधी दिलेल्या किमतीशी तुलना करून "मला स्वस्तात मिळाला" म्हणून उड्या मारू नका.

दीड टन ठेवावा का? शेवटचा मजला, वर तापलेला स्लॅब. ठेवा. (टन म्हणजे मशीनचं वजन समजून "उचलायला किती माणसं लागतील" विचारणारे एक आजोबा मला भेटले होते. चूक त्यांचीही नाही, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, त्यावरून ते माप आलंय.)

कॉइल तांब्याचीच घ्या, पण दुकानदार "ब्लू फिन, गोल्ड फिन, गंज लागत नाही" म्हणेल तेव्हा मान डोलावून पुढचा प्रश्न विचारा : लेप नुसत्या पात्यांवर, म्हणजे फिनवर आहे की बाजूच्या यू वळणांवरही? बहुतेक वेळा तो अॅल्युमिनियमच्या पात्यांवरच असतो आणि भोकं तर तांब्याला पडतात. वळणांसकट लेप असलेली कॉइल मिळाली तर दोन हजार जास्त द्या. आउटडोअर शक्य असेल तर नाल्याच्या बाजूने काढून रस्त्याच्या बाजूला घ्या. जुने पाइप वापरू नका, "चांगलेच आहेत की" असं तो म्हणेल, पण त्यात आर-२२ चं तेल आहे. खोक्यात बहुधा तीन मीटर पाइप येतो, जास्त लागला तर दर आधी ठरवा. बसवणाऱ्याने व्हॅक्यूम पंप आणलाय का ते डोळ्यांनी बघा. गॅस सोडून नळीतली हवा "फुस्स" करून घालवणारा असेल तर त्याला थांबवा. आणि जुना काढताना त्याला म्हणा, पंपडाऊन कर, म्हणजे उरलासुरला गॅस आउटडोअरमध्ये बंद करून ने, हवेत सोडू नको. पुढे सर्व्हिसिंगला ॲसिड मारून कॉइल "चकाचक" करून देणाऱ्यांपासूनही जपा, गटाराच्या तावडीतून वाचलेलं ते खातील.

हॉलचा एसी. ताई, तुम्ही तो उघडू दिला नाहीत, त्याबद्दल तुम्हाला सव्वा रुपया आणि नारळ. उद्या सकाळी कपाटातली बिलाची फाइल काढा आणि वॉरंटी कार्ड वाचा. इन्व्हर्टर एसीला कॉम्प्रेसरवर दहा वर्षं आणि कार्डावर पाच वर्षं वॉरंटी बऱ्याच कंपन्या देतात. साडेचार वर्षं म्हणजे तुम्ही बहुधा आत आहात, पण सहा महिनेच उरलेत. कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवा, सीरियल नंबर द्या, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, आणि तोवर कुणालाही स्क्रू फिरवू देऊ नका. बाहेरच्या माणसाने उघडलेलं दिसलं की कंपनीचा माणूस "टॅम्पर", म्हणजे छेडछाड झालीय, असं लिहून मोकळा होतो.

वॉरंटीत बसलं नाही, तरी ९,५०० लगेच देऊ नका. लाइट येताना व्होल्टेजचा झटका आला की कार्डावरचा व्हॅरिस्टर नावाचा एक चपटा, रंगीत ठिपका जळतो, फ्यूज उडतो आणि बाकीचं कार्ड वाचतं. तो त्यासाठीच बसवलेला असतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ठाण्यातच कार्ड दुरुस्त करणारे आहेत, दोन-तीन हजारांत काम होतं आणि ते तीन-सहा महिन्यांची हमीही देतात. आउटडोअरच्या कार्डावर आडवी पडून मेलेली पाल सापडली तर आश्चर्य मानू नका. आडोशाला शिरतात, दोन टोकांना शिवतात आणि मशीनसकट जातात. असं असेल तर कार्डाच्या डब्याची भोकं बुजवून घ्या. पण कार्डावरचे डाग काळेकुट्ट असतील तर ते पालीचं काम नाही, पुन्हा नाल्याचं. मग हॉलच्या पाण्याच्या पाइपचंही टोक शोधा. तो कुठे सोडलाय, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.

"स्टॅबिलायझर लागत नाही" हे वाक्य त्या मशीनच्या जाहिरातीतही असेलच. व्होल्टेज कमी-जास्त असताना मशीन चालतं, एवढाच त्याचा अर्थ. लाइट परत येतानाच्या झटक्याशी त्याचा संबंध नाही. तीन मिनिटं थांबून वीज सोडणारा स्टॅबिलायझर बसवा, किंवा फुकटातला उपाय : लाइट गेली की एसीचा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्याचा खटका, पाडा आणि ती आल्यावर पाच मिनिटांनी वर करा.

राहिला प्रश्न सासूबाईंच्या झोपेचा. कंपनीचा माणूस दोन-चार दिवसांत येईल, त्यानंतर हॉल गार होईल. मग त्यांची गादी हॉलमध्ये घाला, आणि तोवर रात्री गच्चीवर, तुमच्या डोक्यावरच्या स्लॅबवर, दोन बादल्या पाणी मारा. बेडरूमच्या जुन्या एसीत मात्र आणखी एकदाही गॅस भरू नका, "निदान महिनाभर तरी चालेल" असं कुणी कितीही म्हणालं तरी. नवीन मशीनचा माणूस दारात आला की त्याला चहा द्यायच्या आधी बाथरूममध्ये नेऊन जाळी दाखवा आणि चार बोटं मोजून द्या.